नागराज आणि शिवाजी महाराज

आमचा भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. पुढे महाराष्ट्रात आला, पण बाजारातली हिंदी काही गेली नाही. त्यामुळे वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्टेशनवर, गाडीची वाट बघताना माझ्या हाती पडला तो हिंदीतला नागराज.

राज कॉमिक्सने १९८६ मध्ये आणलेला हा हिरवा, खवल्यांचा हीरो. प्रोफेसर नागमणीने त्याला अतिरेक्यांच्या कामासाठी शस्त्र म्हणून बनवलेलं. डोक्यात एक कॅप्सूल, तिच्या जोरावर ताबा. बाबा गोरखनाथ ती काढतात आणि हा सुटतो. रक्तात सूक्ष्म साप, मनगटातून साप. आणखी काय पाहिजे?

बाबांना मात्र हे अजिबात खपायचं नाही. एकदा त्यांनी माझा अख्खा गठ्ठा रद्दीत घातला आणि भरपाई म्हणून अमर चित्र कथेचं 'शिवाजी' आणून दिलं.

गेल्या रविवारी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बसलो. (नागराज पुन्हा विकत घ्यावा लागला, तो किती महाग पडला ते विचारू नका!) नागराजचे पहिले चित्रकार प्रताप मुळीक. 'शिवाजी'चे चित्रकार? प्रताप मुळीकच! पुण्याचे. लहानपणी मी ते नाव 'मलिक' वाचून पुढे जायचो.

गंमत म्हणजे 'शिवाजी'ची संहिता भा. रा. भागवतांची. फास्टर फेणेचे जनक, ज्यूल व्हर्नला मराठीत आणणारे. म्हणजे विज्ञानकथेतला माणूस इतिहास लिहीत होता आणि इतिहास काढणारा हात पुढे अद्भुताकडे वळला. मध्ये मुळीकांनी अमिताभ बच्चनला 'सुप्रीमो' नावाचा सुपरहीरोही करून टाकलं. नागराज त्यांनी साधारण १९९५ पर्यंत काढला.

आता नीट बघितलं की कळतं, नागराजच्या अंगावरचे खवले काढले तर खाली तालमीतलं शरीर आहे. पुराणातली आणि इतिहासातली माणसं काढून हात तयार झालेला, म्हणून तर तो अशक्य प्राणी आम्हाला खरा वाटला.

आमच्या धंद्यात कोडची ओळ न् ओळ कुणी लिहिली याची नोंद असते. इथेही नाव छापलेलं होतंच. मीच वाचलं नव्हतं.

बाबांना फोन करून सांगितलं. थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "आधी सांगायचं होतंस. रद्दीत नसता घातला."

असो.