शिल्पप्रतिकृती व कलाशिक्षण
मूळ शिल्पावरून साचा घेऊन प्लॅस्टरमध्ये ओतलेल्या प्रतिकृती समोर ठेवून मातीकाम शिकविण्याची यूरोपीय पद्धती मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत (स्थापना १८५७) रूढ झाली. ग्रीक संस्कृतीची सौंदर्यदृष्टी तेथील विद्यार्थ्यांनी अशी हाताने आत्मसात केली. जॉन लॉकवुड किपलिंग यांनी १८६५ पासून वास्तुशिल्प शिकविले. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या (बांधकाम १८७८–८८) गॉथिक वळणाच्या शिल्पसजावटीत शाळेच्या विद्यार्थ्यांचा वाटा होता. तथापि ही ओळख एकांगी होती. मूळ ग्रीक मूर्ती रंगविलेल्या असत, हे शुभ्र प्लॅस्टरमुळे झाकले गेले. भारतीय मूर्तींना तर आदर्शाचे स्थान दीर्घकाळ नव्हते. गणपतराव म्हात्रे यांच्या ‘मंदिरपथगामिनी’त (१८९६) मात्र ग्रीक वस्त्रचुण्यांची जाण नऊवारी लुगड्यावर सहजपणे उतरली आहे.