वेग की लपणं? लढाऊ विमानांपुढचा पेच

नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात बनलेलं सुखोई-३० एमकेआय ध्वनीच्या जवळपास दुप्पट वेगाने उडू शकतं. अमेरिकेचं एफ-३५ त्याहून नवं, तरी त्याचा कमाल वेग ध्वनीच्या १.६ पटच. असं का?

एफ-३५ला रडारपासून लपायचं असतं. त्यासाठी क्षेपणास्त्रं पंखांखाली न टांगता पोटात ठेवतात. त्यामुळे विमानाचं धड रुंद होतं. रडारच्या लहरी शोषणारा लेप अतिउष्णतेत लवकर खराब होतो. शिवाय अतिवेगाने तापलेलं विमान इन्फ्रारेड सेन्सरला लांबूनच दिसतं.

पण लपणं म्हणजे अभेद्य होणं नव्हे. ध्वनीपेक्षा कमी वेगाने उडणारं अमेरिकेचं स्टेल्थ विमान एफ-११७ युगोस्लाव्हियाने १९९९ मध्ये क्षेपणास्त्राने पाडलं होतं.

भारताच्या नियोजित एएमसीए विमानालाही वेग आणि लपणं यांचा हाच तोल साधायचा आहे.