खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी: नळाचे पाणी का चालत नाही?

गोमंतकीय वाचकाला मांडवी म्हटले की नदी आठवते. वडोदऱ्यातील मांडवी मात्र जुन्या शहराच्या मध्यावर उभी असलेली चौकोनी कमानदार वास्तू आहे. तिच्यापासून चार दिशांना चार रस्ते निघतात आणि लेहरीपुरा, चांपानेर, पाणी व गेंडी या चार दरवाजांपाशी पोहोचतात. गायकवाडांच्या राजवटीपासून या परिसरात मराठी कुटुंबे राहत आली आहेत. येथून समुद्र जवळ नाही. जवळचा किनारा खंबातच्या आखाताचा. पण तेथे मही, साबरमती, नर्मदा व तापी या नद्यांचा गाळ येतो आणि प्रचंड भरती-ओहोटीने तो सतत ढवळला जातो. ते गढूळ पाणी मत्स्यपेटीच्या उपयोगाचे नाही. त्यामुळे मांडवी परिसरातील एखाद्या घरात खाऱ्या पाण्यातील मासे पाळायचे, तर समुद्र घरातच तयार करावा लागतो. त्यासाठी मूळ पाणी कोणते घ्यावे, हा या छंदातील पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

पिण्याचे पाणी आणि माशांचे पाणी

वडोदऱ्याच्या पाणीपुरवठ्याला मोठी परंपरा आहे. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत शहराच्या पूर्वेस आजवा येथे जलाशय बांधला व नळाने पाणी शहरात आणले. पुढे महीच्या पात्रातील विहिरींचे पाणीही शहराला मिळू लागले. हे पाणी माणसासाठी शुद्ध केलेले असते आणि त्याच कसोटीवर तपासले जाते. माशांची, त्याहूनही कोळंबी, शिंपले व समुद्रफूल यांसारख्या अपृष्ठवंशीय जीवांची कसोटी निराळी आहे.

भारतीय मानक ब्युरोच्या पेयजल मानकानुसार (आयएस १०५००) पाण्यातील विद्राव्य क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसल्यास २००० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालते. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम, तर निर्जंतुकीकरणासाठी ग्राहकाच्या नळापर्यंत किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे अशी अपेक्षा आहे. तांब्याची स्वीकार्य मर्यादा ०.०५ आणि पर्यायी स्रोत नसताना १.५ मिलिग्रॅम आहे.

यांतील तांब्याचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. खाऱ्या पाण्यातील माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला, तर त्यांना वेगळ्या टाकीत ठेवून लिटरला सुमारे ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम एवढे तांबे औषध म्हणून देण्याची जुनी पद्धत आहे. हीच मात्रा कोळंबी, गोगलगाय व प्रवाळ यांना मारक ठरते, म्हणून हे औषध मुख्य टाकीत टाकत नाहीत. माणसाला निर्धास्तपणे पिता येईल असे पाणी या जीवांना विषासमान ठरू शकते, ते असे.

जे आत आले, ते आतच राहते

नदी, तलाव किंवा समुद्र यांच्या तुलनेत काचेची पेटी हे बंद भांडे आहे. तिच्यातून आपोआप बाहेर जाते ते केवळ वाफेचे पाणी. क्षार, नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट हे सारे मागे उरते आणि साठत जाते.

२०० लिटरच्या टाकीतून दररोज २ लिटर पाण्याची वाफ होते असे समजू. ही तूट लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार असलेल्या नळाच्या पाण्याने भरली, तर दररोज ६०० मिलिग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे २१९ ग्रॅम अनावश्यक क्षार टाकीत जमा होतील. त्या पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम नायट्रेट असल्यास टाकीतील नायट्रेट रोज ०.२ मिलिग्रॅमने वाढेल आणि महिन्याला ही वाढ लिटरमागे ६ मिलिग्रॅम होईल. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून निर्माण होणारे नायट्रेट यात धरलेले नाही.

याचे परिणाम डोळ्यांना दिसतात. सिलिकेटमुळे काचेवर व वाळूवर तपकिरी थर धरतो. नायट्रेट व फॉस्फेट वाढले की हिरवे शेवाळ फोफावते. फॉस्फेट जास्त झाल्यास प्रवाळाच्या सांगाड्याची वाढ खुंटते. नवखा पाळणारा अशा वेळी दिवे कमी करतो, खाद्य कमी करतो, शेवाळनाशक आणतो. पण दोष रोज ओतल्या जाणाऱ्या बादलीत असतो.

मिठाचा हिशेब शून्यापासून

समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने जगभरातून गोळा केलेल्या नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांचे विश्लेषण विल्यम डिटमार यांनी केले. खुल्या समुद्रात खारेपणा थोडाफार बदलला, तरी प्रमुख क्षारांचे परस्परप्रमाण जवळपास सारखेच राहते, हे त्यातून स्पष्ट झाले. मत्स्यपेटीसाठी मिळणारे कृत्रिम समुद्री मीठ हे प्रमाण साधण्यासाठीच बनवलेले असते. योग्य पाण्यात ते विरघळवल्यावर लिटरला सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम व १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळते. हा हिशेब मूळ पाण्यात काहीही नाही असे धरून केलेला असतो. कठीण पाण्यात हेच मीठ घातल्यास आधीच्या क्षारांची त्यात भर पडते व प्रमाण बिघडते.

स्वयंपाकाचे मीठ येथे उपयोगाचे नाही. गोव्यातील मिठागरांचे जाड मीठ समुद्रातूनच येते, तरी तेही चालत नाही. मिठागरात मिठाचे स्फटिक धरल्यानंतर उरलेले कडू पाणी काढून टाकतात आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम बहुतांशी त्या पाण्याबरोबर निघून जाते.

शुद्धीकृत पाणी म्हणजे नेमके कोणते?

पाणी उकळल्याने क्लोरीन निघून जाते, पण नायट्रेट व बहुतेक क्षार तसेच राहतात. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. उघड्या बादलीत रात्रभर ठेवल्यानेही क्लोरीन उडते, मात्र काही ठिकाणी वापरले जाणारे क्लोरामाइन तसे उडत नाही. माशांच्या दुकानांत 'हायपो' नावाने मिळणारे सोडियम थायोसल्फेट क्लोरीन निष्प्रभ करते. क्लोरामाइनवर ते वापरल्यास मागे अमोनिया उरतो.

सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे आरओ आणि डीआय यांची जोडणी. तिचे टप्पे असे:

१. गाळणी: माती, गंज व तरंगते कण अडवते.

२. कार्बन: क्लोरीन शोषून घेतो, त्यामुळे पुढील नाजूक पडद्याचेही रक्षण होते. क्लोरामाइनसाठी अधिक क्षमतेचा कार्बन लागतो.

३. आरओ पडदा: विद्राव्य क्षारांपैकी साधारण ९५ ते ९८ टक्के वेगळे करतो. ३०० मिलिग्रॅमचे पाणी यातून ६ ते १५ मिलिग्रॅमवर येते.

४. डीआय राळ: उरलेले आयन धरून ठेवते व टीडीएस मीटरचा आकडा शून्यावर आणते.

स्वयंपाकघरातील आरओ यंत्र आणि ही जोडणी यांत फरक आहे. घरगुती यंत्रांत चवीसाठी पाण्यात पुन्हा खनिजे मिसळणारी नळी किंवा न गाळलेले थोडे पाणी मिसळणारा टीडीएस नियंत्रक अनेकदा असतो. अशा यंत्राचे पाणी मत्स्यपेटीसाठी घ्यायचे असल्यास हे भाग बाजूला ठेवून, पडद्यातून थेट येणारे पाणी डीआय राळेतून न्यावे. बाटलीबंद पिण्याच्या पाण्यातही खनिजे असतात.

टीडीएस मीटर हाताशी असणे आवश्यक आहे. तो पाण्यात किती विरघळले आहे एवढेच सांगतो. काय विरघळले आहे हे सांगत नाही आणि क्लोरीन तर त्याला जवळपास दिसतच नाही. म्हणून कार्बनची नळी ठरलेल्या मुदतीत बदलावी आणि डीआयनंतरचा आकडा शून्यावरून हलताच राळ बदलावी. पुरवठ्याचा स्रोत किंवा ऋतू बदलला की नळाच्या पाण्याची प्रतही बदलते. त्यामुळे एकदा केलेल्या मोजणीवर वर्षभर विसंबू नये.

पाणी तयार करण्याची रीत

शुद्ध पाणी खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिक पिंपात घ्यावे. तांब्या-पितळेची भांडी व तोट्या टाळाव्यात. आधी पाणी, मग मीठ हा क्रम पाळावा. मिठावर पाणी ओतल्यास कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो. १०० लिटरला साधारण ३.५ ते ४ किलो मीठ लागते. छोट्या पंपाने पाणी दिवसभर फिरते ठेवावे आणि २५ अंश सेल्सियसच्या आसपास विशिष्ट गुरुत्व १.०२५ आल्याची खात्री करून मगच ते वापरावे.

वाफेची तूट मात्र बिनमिठाच्या शुद्ध पाण्यानेच भरावी. वरील उदाहरणात रोज २ लिटर खारे पाणी घातले, तर दिवसाला ७० ग्रॅम मीठ वाढेल आणि आठवड्यात खारेपणा ३५ वरून सुमारे ३७.५ वर जाईल.

गोव्यात समुद्र दाराशी असताना?

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर समुद्रालगतच उभे राहिले. गोव्यातही समुद्राचे पाणी थेट आणावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पावसाळ्यात मांडवीच्या मुखाकडील पाण्याचा खारेपणा फार घसरतो आणि नदीच्या वरच्या भागात ते जवळजवळ गोडे होते. बंदराजवळील पाण्यात बोटींचे तेल व सांडपाणीही मिसळते. समुद्राचे पाणी घ्यायचेच असेल, तर कोरड्या ऋतूत, नदीमुखापासून दूर, स्वच्छ जागेवरून घेऊन गाळावे व खारेपणा मोजूनच वापरावे. वाफेच्या भरपाईसाठी तरीही शुद्ध गोडे पाणी लागतेच. सह्याद्रीतून येणाऱ्या नद्यांचे पाणी सामान्यतः मृदू असले, तरी ओपा प्रकल्पातून नळाला येणारे खांडेपार नदीचे पाणीही क्लोरीनयुक्तच असते.

पाणी आणताना किनाऱ्यावरील प्रवाळ किंवा समुद्रघोडा उचलून आणणे हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये या जीवांना संरक्षण आहे.

पाण्याचा अपव्यय आणि जबाबदारी

आरओचा दोष असा, की एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर पाणी बाहेर टाकले जाते. उन्हाळ्यात टंचाई असणाऱ्या वस्तीत ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही. हे पाणी पिंपात साठवून फरशी पुसणे, शौचालय व वाहन धुणे यांसाठी वापरता येते. टाकीचा आकार ठरवताना हा खर्चही मोजावा.

केवळ मासे असलेल्या टाक्या क्लोरीन काढलेल्या नळाच्या पाण्यावरही पुष्कळदा टिकतात, हे खरे. पण त्या टिकणे नळाच्या त्या-त्या दिवसाच्या पाण्यावर अवलंबून राहते. विदूषक मासा नीट सांभाळल्यास दहा वर्षांहून अधिक जगतो. त्याला पाणी निवडता येत नाही. ती निवड पाळणाऱ्याला पहिला मासा घरी आणण्यापूर्वीच करावी लागते.