सह्याद्रीच्या फुलांची ओळख

फाल्गुनांत सह्याद्रीच्या पायथ्याशीं पळस फुलतो, तेव्हां झाडावर बहुधा पान नसतें. आणि आषाढांत तोच पळस त्रिदळ पानांनीं भरून जातो, तेव्हां फूल औषधालाहि मिळत नाहीं. पांगारा व सांवर यांचीहि तीच तऱ्हा. डोंगरांत राहणाऱ्यास यांत कोडें नाहीं. पण परदेशी संग्राहक हिवाळ्याअखेर एकदांच त्या वाटेनें गेला, तर त्याच्या कागदांत फुलें चिकटावयाचीं, पानें नाहींत. पश्चिम हिंदुस्थानच्या वनस्पतींचे ग्रंथ तयार झाले ते ही अडचण ओलांडून.

आरंभ मुंबईस झाला. टपालखात्यांतील अधिकारी जॉन ग्रॅहॅम याची वनस्पतींची यादी १८३९ सालीं निघाली. छपाई पुरी होण्यापूर्वींच तो वारला. डालझेल व गिब्सन यांचें ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ चें. यांपैकीं गिब्सनकडे पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी बाग होती. तेथें १८४७ ते १८५० या काळांत त्यानें वनस्पतींचीं मोठीं सुरेख रंगीत चित्रें काढविलीं. तीं एडिंबरोच्या वनस्पति-उद्यानांत जपून ठेविलीं आहेत. चितारी पोर्तुगीज-हिंदी होता, एवढेंच कळतें. त्याचें नांव टिपून ठेवण्याचें कोणास सुचलें नाहीं!

पुढें थिओडोर कुक यांनीं या सर्वांवर कळस चढविला. हे गृहस्थ मूळचे इंजिनियर, पुण्याच्या सायन्स कॉलेजाचे प्रिन्सिपॉल. निवृत्तीनंतर विलायतेंत क्यू येथें बसून त्यांनीं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या वर्षांत प्रसिद्ध केला. झाड कोणत्या महिन्यांत फुलतें आणि लोक त्यास काय म्हणतात, हें त्यांत जागोजाग दिलें आहे. नमुना कोठें सांपडला व कोणीं आणला तेंहि आहे. आणणाराच्या नांवापुढें उद्गारचिन्ह असलें, तर तो नमुना ग्रंथकारानें स्वतः पाहिला असें समजावयाचें. या नांवांत डालझेल आहे, वुड्रो आहे, कानिटकर व रानडे आहेत. आणि त्यांच्याच पंक्तीस, त्याच टाइपांत, नुसता ‘भिवा!’ आहे. त्याला आडनांव नाहीं, हुद्दा नाहीं. तो कोणत्या गांवचा, हेंहि ग्रंथ सांगत नाहीं. पण साहेबानें क्यूला बसून जें पाहिलें, त्यांतलें पुष्कळ या माणसानें चिखल तुडवून आणलेलें होतें. दापोडीच्या चिताऱ्यापेक्षां त्याचें नशीब थोडें बरें म्हणावयाचें.

अशा माणसांवांचून निभाव लागत नसे, हें कारवीवरून ध्यानांत येतें. ही कांहीं वर्षांनीं एकदां फुलते. तीहि एकटीदुकटी नव्हे, डोंगराचा डोंगर एकदम निळा-जांभळा होतो. बी धरलें कीं सारें रान वाळून जातें. मधल्या वर्षांत गेलेल्यास नुसतीं खरखरीत पानें व काठ्या दिसतात. या काठ्यांचा कुड घालून वर शेणमाती लिंपणाऱ्यांना मात्र बहराचें वर्ष तोंडपाठ. १९४४ सालीं ब्रेमेकॅम्प या शास्त्रज्ञानें या झुडपाकरितां स्वतंत्र गण कल्पिला आणि त्यास ‘कार्विया’ म्हटलें. कोंकणांतल्या झोंपडीचा शब्द असा लॅटिन वेषांत विलायतेस पोंचला! पुढें तें झुडूप पुन्हा ‘स्ट्रोबिलँथिस’ या जुन्या गणांत घालण्यांत आलें.