फणसाडच्या पाणवठ्यावर

रानांत जाऊन चार घटका विसावा घ्यावा, ही हौस कांहीं आजकालची नव्हे. कार्तिकांत आंवळीच्या झाडाखालीं पंगत मांडण्याची चाल महाराष्ट्रांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. परंतु ही हौस दिवसापुरती. दिवेलागणीच्या आंत मंडळी घरीं परतावयाची. रानांत रात्र काढणें ही गोष्ट निराळी. गुराखी, लमाण, फिरस्ता यांना ती गरजेनें काढावी लागे. हौसेनें काढणारे लोक थोडे, आणि ते बहुधा सत्ताधारी असत.

या हौसेचें मुख्य साधन म्हणजे तंबू. त्याचाही इतिहास हेंच सांगतो. मोगलांच्या व मराठ्यांच्या मोहिमांत डेरे आणि राहुट्या पडत त्या सरदार-शिलेदारांच्या. पुढें इंग्रजी अमलांत कलेक्टर हिंवाळ्यांत दौऱ्यावर निघत आणि गांवाबाहेरच्या आमराईंत त्यांचा मुक्काम पडे. गांवकऱ्यांच्या दृष्टीनें तंबू म्हणजे सरकार. तो आला म्हणजे दूध, गवत, लांकूडफाटा, ओझीं वाहण्यास माणसें, सर्व कांहीं पुरवावें लागे. असा हा तंबू मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय कुटुंबाला भाड्यानें मिळूं लागला, ही घटना वाटते तितकी लहान नाहीं. ती कशी घडली, हें कुलाब्याच्या, म्हणजे १९८१ पासून रायगड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एका रानाच्या कथेवरून चांगलें उमगतें.

अलिबागहून रेवदंड्याची खाडी ओलांडून मुरुडकडे जाऊं लागलें म्हणजे उजवीकडे समुद्र आणि डावीकडे डोंगर अशी वाट लागते. काशीदच्या वाळवंटावरून वर पाहिलें कीं जे हिरवे डोंगर दिसतात, त्यांवर फणसाडचें रान पसरलें आहे. त्याचें क्षेत्र सुमारें ५४ चौरस किलोमीटर. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा आणि अंजनी यांची तेथें दाटी. त्यांवर चढलेली गारंबीची वेल, जिची एकेक शेंग दोन हात लांब. मधून मधून उघडे माळ. या रानांत मोठी नदी नाहीं कीं विस्तीर्ण सरोवर नाहीं. पाऊस मुबलक पडतो, पण उतारावरून पाणी पाहतां पाहतां खाडीला व समुद्राला जाऊन मिळतें. उन्हाळ्यांत टिकतात ते कांहीं मोजके डोह व झरे. तेथील बोलींत अशा जागेस 'गाण' म्हणतात : चिखलगाण, धरणाची गाण, फणसाडची गाण. रानाचें जीवन या पाणवठ्यांभोवतीं फिरतें, आणि त्याचा इतिहासही त्यांच्याभोवतींच घडला आहे.

हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचा. मूळ आफ्रिकेंतून आलेल्या या दर्यावर्दी जमातीनें राजपुरीच्या खाडीच्या मुखावरील जलदुर्ग शतकानुशतकें राखला. मराठ्यांना तो अखेरपर्यंत जिंकतां आला नाहीं. इंग्रजी अमलांत जंजिरा हें सुमारें ३२४ चौरस मैलांचें मांडलिक संस्थान बनलें. नवाब सिद्दी अहमदखान यांची कारकीर्द १८७९ पासून १९२२ पर्यंत चालली. लढायांचे दिवस मागें पडले होते. राजधानी बेटावरून किनाऱ्यावर, मुरुड शहरांत आली होती. संस्थानी काळांतच गारंबी येथें पाणी अडवून तें शहरास पुरविण्यांत आलें, आणि त्याच डोंगराळ मुलखांतील फणसाडचें रान नवाबांच्या शिकारीसाठीं राखून ठेवण्यांत आलें.

शिकारीचें शास्त्र पाण्याशीं बांधलेलें असतें. पावसाळ्यांत आणि हिंवाळ्यांत ओढ्याओढ्यांतून पाणी असतें, तेव्हां सांबर कोठें भेटेल याचा नेम नसतो. वैशाखांत मात्र रानांतील वाटा दोन-चार पाणवठ्यांकडे वळतात. तहानलेलें जनावर रात्रीं तेथें येणारच. म्हणून झाडावर मचाण बांधावयाचें, चांदणी रात्र गांठावयाची, वारा पाहून बसावयाचें आणि वाट पाहावयाची. जनावराची तहान हेंच शिकाऱ्याचें खरें हत्यार, बंदूक त्यानंतरची.

या राखणीचा एक परिणाम मोठा विलक्षण झाला. एकोणिसाव्या शतकांत मुंबई शहर झपाट्यानें वाढत होतें आणि त्याची लांकडाची व कोळशाची भूक उत्तर कोंकणचीं रानें भागवीत होतीं. अशा काळांत ज्या रानावर राजाचा शौक जडला, तेथें कुऱ्हाडीला मज्जाव झाला. सावजासाठीं झाडें राखलीं गेलीं आणि झाडांबरोबर शेकरू, पिसोरी, भेकर, असंख्य पक्षी हेही राहिले. एका माणसाच्या करमणुकीनें रान वांचलें. मात्र त्याची किंमत पायथ्याच्या गांवांनीं आणि वाड्या-पाड्यांनीं दिली, हेंही तितकेंच खरें. आपल्या दाराशीं असलेलें रान त्यांना परक्याचें झालें.

दरम्यान, रानाकडे पाहण्याची दुसरी एक दृष्टि याच किनाऱ्याच्या आसपास तयार होत होती. १८८३ सालीं मुंबईस बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभींच्या सभासदांत शिकारीचे शौकीन पुष्कळ होते. १९०८ च्या सुमारास एक मुलगा आपण छऱ्याच्या बंदुकीनें पाडलेली एक चिमणी घेऊन तेथें आला. तिच्या गळ्याशीं पिवळा डाग होता आणि ती कोणत्या जातीची, हें त्याला जाणून घ्यावयाचें होतें. चिटणीस मिलर्ड यांनीं त्याला संस्थेचा पक्षिसंग्रह दाखविला. तो मुलगा म्हणजे सलीम अली.

हेच सलीम अली १९३० सालीं अलिबागजवळच्या किहीम येथें राहिले असतां सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीसमोर दिवसचे दिवस बसून राहिले. नर अर्धवट घरटें बांधतो. मादी येऊन तें पारखते. पसंत पडलें तर नर तें पुरें करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याच्या व दुसऱ्या मादीच्या उद्योगास लागतो, हें त्यांनीं तेथें टिपलें. संग्रहासाठीं पक्षी मारण्याची रीत त्या काळीं शास्त्रांतही रूढ होती आणि पुढेंही कांहीं काळ राहिली. परंतु किहीमला जें हातीं लागलें, तें पक्षी जिवंत राहिले म्हणूनच लागलें. मचाणावरील शिकाऱ्याची चिकाटी तीच होती. फक्त हातांत बंदुकीऐवजीं वही आली होती.

१९४८ सालीं जंजिरा संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. १९७२ सालीं वन्य जीवांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि १९८६ सालीं फणसाड अभयारण्य म्हणून जाहीर झालें. तेव्हांपासून त्या पाणवठ्यांवर पुन्हा मचाणें दिसूं लागलीं. वैशाखी पौर्णिमेच्या रात्रीं वनखात्याचे लोक आणि हौशी निसर्गप्रेमी मचाणावर बसून पाण्यावर येणाऱ्या जनावरांची नोंद करतात. महिना तोच, चांदणें तेंच, जनावराची तहानही तीच. या मोजणीला शास्त्राच्या मर्यादा आहेत. एकच जनावर दोनदां आलें तर दोनदां मोजलें जाऊं शकतें, आणि म्हणून आतां आपोआप छायाचित्र घेणाऱ्या यंत्रांवर अधिक भिस्त ठेवतात. तरीही शहरांतील माणसाला ही एक रात्र जें शिकविते, तें यंत्र शिकवूं शकत नाहीं. बारा तासांत बहुधा एखादें भेकर किंवा रानडुक्कर दिसतें, बिबळ्या क्वचित्. आणि आपण येथें पाहुणे आहों, ही जाणीव मात्र हटकून होते.

सुपेगांवच्या बाजूस प्रवाशांसाठीं तंबूंची सोय झाली. मुंबईकर कुटुंबें तेथें मुक्काम करूं लागलीं, वाटाड्या घेऊन रानांत हिंडूं लागलीं. ज्या गांवांना तंबू आला म्हणजे धडकी भरे, त्यांतील तरुणांना त्याच तंबूंमुळें चार पैसे मिळूं लागले, हें या इतिहासांतील एक समाधानाचें वळण होय.

पण रान अजून निर्धास्त नाहीं. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधानें देशभर गिधाडें मेलीं. त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ सालीं बंदी आली. फणसाडला उरलेल्या गिधाडांसाठीं मेलेलीं जनावरें मुद्दाम आणून ठेवावीं लागलीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें आणि जुनीं झाडें उन्मळून पडलीं.

वादळ कोणाच्या हातचें नाहीं. पाणवठा मात्र आहे. उन्हाळ्यांत गाणीपाशीं दहा माणसें मोठ्यानें बोलत बसलीं, दिव्यांचा झोत पाण्यावर टाकला, तर त्या रात्रीं सांबर तहानेलें परत जातें. बंदुकीनें एक जनावर पडत असे. गोंगाटानें सगळ्यांचें पाणी तुटतें. नवाबाच्या काळीं रानापुढें एका माणसाच्या शौकाचा प्रश्न होता. आतां तो हजारोंच्या हौसेचा आहे, आणि त्यावर पहारा ठेवणारा नवाब कोणी नाहीं. एकानें बंदी घालून जें राखलें, तें अनेकांनीं आपण होऊन राखावयाचें आहे. तंबू सर्वांचा झाला, ही चांगलीच गोष्ट झाली. त्याबरोबर राखणही सर्वांची झाली आहे. सूर्य मावळल्यावर पाणवठा सोडून तंबूकडे परतणें आणि आवाज खालीं ठेवणें, एवढ्या साध्या शिस्तीपासून तिला आरंभ होतो.