कवेलू ते स्लॅब: वर्ध्यातल्या घरांचा गारवा कुठे गेला?

आजचा भाग उन्हावर आहे आणि घराच्या भिंतींवरही. मी मूळचा वर्धा जिल्ह्यातला, बीटेक करून आता सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे गेला की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते: रात्री बारा वाजले तरी छत तव्यासारखं गरम. हे पूर्वीही असंच होतं का, असं विचारत गेलो आणि हा इतिहास हाती लागला.

सुरुवात मातीपासून करू. आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. हा फरक नुसता बोलण्यातला नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून कापसाला ती उत्तम आणि भिंतीला वाईट. भिंतीला लागायची पांढरी माती. त्यात कुटार मिसळायचं, तुडवून चिखल मुरवायचा आणि थर चढवत जायचं. ज्यांना तेवढी जाड भिंत झेपत नसे ते तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कूड उभा करून दोन्ही बाजूंनी लिंपायचे. छतावर कवेलू. सिमेंटचं पोतं गावात यायच्या कितीतरी आधी लोकांना आपल्या मातीचे गुणदोष पाठ होते.

आता १९३६ साल. गांधीजी एप्रिलच्या शेवटी शेगावला राहायला आले. हेच गाव पुढे १९४० मध्ये सेवाग्राम झालं. मीराबेन तिथे आधीच राहत होत्या आणि पहिल्या घरांच्या बांधकामात त्यांचा मोठा वाटा होता. अट अशी की खर्च मर्यादित हवा आणि सामान आसपासचंच हवं. आज बापू कुटी म्हणून आपण जी पाहायला जातो ती मुळात मीराबेनसाठीच बांधलेली. माती, बांबू, लाकूड, पानांच्या चटया आणि वर कवेलू. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला हे एखाद्या प्रोजेक्टच्या अटींसारखं वाटतं: बजेट ठरलेलं, सामान ठरलेलं, आता डिझाइन करून दाखवा. चाळीसच्या दशकात लॉरी बेकर नावाचा तरुण इंग्रज वास्तुकार मुंबईत गांधीजींना भेटला. आदर्श घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून बांधावं, हा गांधीजींचा विचार आपल्या मनात कायमचा बसला, असं बेकर पुढे सांगत. केरळात त्यांनी तेच केलं.

पण मातीचं घर गार का राहतं? जाड भिंतीतून उष्णता आत पोचायला कित्येक तास लागतात. दुपारचं ऊन आत येईपर्यंत संध्याकाळ उलटते. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. ओसरीमुळे भिंतीवर थेट ऊन पडत नाही. रात्री मात्र तीच भिंत साठवलेली उष्णता आत सोडू लागते. म्हणून लोक अंगणात बाजा टाकून झोपायचे. म्हणजे अंगणही त्या घराच्या रचनेचाच भाग होतं. स्लॅबचं उलटं आहे. चार-पाच इंचांचं काँक्रीट दिवसभर तापतं आणि संध्याकाळपासून खाली झोपलेल्या माणसावर उष्णता सोडत बसतं. पत्र्याचं तर विचारूच नका.

मग लोकांनी मातीची घरं सोडली का? याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, वाळवी बघायची, भिंती लिंपायच्या, जमीन सारवायची. यातलं लिंपण-सारवण बहुतेक बायकांच्याच वाट्याला यायचं. शहरातून दोन दिवस आश्रम बघायला आलेल्या माणसाला मातीचं घर सुंदर दिसतं, पण सारवणाऱ्या आजीला विचारा. शिवाय सरकारी भाषेत मातीची भिंत म्हणजे ‘कच्चं घर’. स्लॅब म्हणजे प्रतिष्ठा. लोक कंटाळले होते ते देखभालीला. पण देखभालीबरोबर गारवाही गेला.

या नेमक्या जागी वर्ध्यातच काम झालं. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि जे. सी. कुमारप्पांच्या हाताखाली मगनवाडीत त्याचं काम चाललं. त्याच परंपरेत १९७६ मध्ये देवेंद्र कुमारांनी ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ ही संस्था सुरू केली. त्यांचा रोख असा की सामान गावातलं राहू द्या, पण त्यातला त्रास विज्ञानाने कमी करा. त्यांचं मला सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे छत. कुंभाराने चाकावर पोकळ, निमुळते मातीचे नळे करायचे आणि भाजायचे. एकाचं टोक दुसऱ्यात घालत गेलं की कमान होते. कमानीला कमान लावली की छत. लोखंडी सळई लागत नाही आणि नळ्यातल्या हवेमुळे उष्णता कमी उतरते. मजा म्हणजे इटलीत राव्हेन्नाच्या सहाव्या शतकातल्या सान व्हिटाले चर्चचा घुमटही अशाच मातीच्या नळ्यांचा आहे. फरक इतकाच की वर्ध्यात ते काम गावच्या कुंभाराच्या चाकावर होत होतं.

आता आज. केंद्राने डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली. त्यात छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा आहे: १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश. साध्या उघड्या स्लॅबचा आकडा ३ च्याही पुढे जातो. शिवाय सिमेंट करताना १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळाच.

दुसरीकडे, पंतप्रधान आवास योजनेत गावातल्या घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. एवढ्या पैशात कुटुंब एकदाच घर बांधतं. त्याच्या डोक्यावर तापणारा स्लॅब आला, तर पुढची तीस-चाळीस वर्षं ते कूलर आणि वीजबिलात पैसे घालत बसणार, आणि ज्यांना कूलर परवडत नाही ते नुसते भाजत राहणार. म्हणून मला हा प्रश्न हौशी ‘इको’ बंगल्यांचा वाटत नाही, घरकुलाचा वाटतो.

सगळ्यांनी कुडात राहायला जावं असं मी म्हणत नाही. पण घर बांधताना टाइल्सचा रंग ठरवण्याआधी छताचं बोला. भाजक्या मातीचे नळे, कवेलू, नाहीतर स्लॅबवर उष्णता अडवणारा थर, काय जमतं ते गवंड्याला आणि इंजिनिअरला विचारा. स्लॅब आधीच पडला असेल तर मार्चमध्ये त्यावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारा, पश्चिमेच्या भिंतीला सावली करा. आणि गावात अजून चाक फिरवणारा कुंभार असेल तर त्याच्याकडे एक चक्कर टाका. तो थांबला की हे छत फक्त फोटोत उरेल.

तुमच्या गावात जुन्या पद्धतीचं, आजही राहतं घर असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात, तोवर पाणी पीत राहा!