लाकडी सांगाड्याची बेडफर्ड

किल्ल्याचे वा ताम्रपटाचे जतन करावे, हे आपणांस सहज पटते. परंतु सहलीला माणसे नेणाऱ्या एका जुन्या प्रवासी मोटारीसाठी इंग्लंडातील माणसे वर्षानुवर्षे खपतात, याचे मात्र नवल वाटते.

ही मोटार म्हणजे ‘बेडफर्ड ओबी’. व्हॉक्झॉल कंपनीने ती १९३९ साली काढली, आणि त्याच वर्षी युद्ध पेटले. युद्धकाळात तिच्या जागी लाकडी पट्ट्यांच्या बाकांची, ३२ आसनांची साधी गाडी निघे. १९४५ मध्ये मूळ गाडी परतली आणि १९५१ पर्यंत अशा बारा हजारांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. खालचा सांगाडा व पेट्रोलचे सहा नळकांड्यांचे इंजिन व्हॉक्झॉलचे. वरची गोलसर बांधणी बहुधा लंडनजवळच्या हेंडन येथील ड्यूपल कंपनीची. पुढे लांब नाक, आत साधारणतः २९ आसने, आणि गियर बदलताना उठणारा तो विशिष्ट सूर! जाणकार तिला नुसत्या आवाजावरून ओळखतात.

पुढे चालकाला इंजिनाशेजारी बसविणारी नवी बेडफर्ड आली, तिच्यात आसने अधिक मावू लागली आणि लांब नाकाची सद्दी संपली.

जतनाची खरी अडचण आहे ती लाकडाची. बाहेरून पत्रा चकचकीत दिसतो; आत पाणी झिरपून खांब कुजलेले असतात. तो पत्रा उतरवून एकेक खांब नवा घडवावा लागतो. मग मूळ गाडी उरली किती, असा प्रश्न कोणीही विचारील. माझ्या मते तो काहीसा पुस्तकी आहे. जुन्या सांध्याबरहुकूम नवा सांधा घालणाऱ्या सुताराच्या हातात ती विद्या जिवंत राहते, हा लाभ थोडा नव्हे. जुन्या व्यापारी वाहनांच्या हौशी मंडळींनी १९५८ साली आपली संस्था स्थापिली. १९६२ पासून त्यांच्या लंडन–ब्रायटन फेऱ्या सुरू झाल्या. गाडी काचेआड न ठेवता रस्त्यावर धावती ठेवणे, हे त्यांचे ब्रीद.

बेडफर्ड हे नाव आपल्यालाही परके नाही. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला निघालेली एस. टी.ची पहिली गाडी बेडफर्डच होती, आणि तिचीही बांधणी लाकडीच होती. सरकारी नस्तीवर ‘निर्लेखित’ असा शेरा पडला की वाहन भंगारात जाते. मीही असे शेरे मारले आहेत. त्या वेळी आतले लाकूड पाहावे, असे मला कधी सुचले नाही.